काचेच्या धाग्यावर सोन्याचा मुलामा

दूरसंचारासाठी घडवलेल्या प्रकाशतंतूची सारी कारागिरी एकाच हेतूने केलेली असते. आतला प्रकाश बाहेर सांडू नये आणि बाहेरच्या जगाची त्याला बाधा होऊ नये. धाग्याची जाडी १२५ मायक्रोमीटर, आणि त्याच्या मध्यभागी जेमतेम ८-९ मायक्रोमीटरचा गाभा. गाभ्याच्या काचेचा अपवर्तनांक भोवतालच्या आवरणापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो. त्यामुळे तिरका जाणारा प्रकाश सीमेवर पोचला की पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन पुन्हा आत वळतो. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले, की काच पुरेशी शुद्ध केली आणि किलोमीटरभर गेल्यावर टाकलेल्या प्रकाशाचा निदान एक टक्का जरी उरला, तरी या धाग्यातून दूरध्वनी चालू शकेल. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी तशी काच बनवली. आजच्या तंतूत प्रकाश अर्ध्यावर यायला सुमारे पंधरा किलोमीटर लागतात. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत असा तंतू वर्षानुवर्षे ओढला जातो आहे.

बाहेरच्या जगाशी संबंध तोडण्यात इतका तरबेज असलेला हा धागा त्याच जगाची खबर आणायला कसा वापरायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

काही खबरी त्याला आपोआप कळतात. तंतू तापला किंवा ताणला गेला, की काचेची लांबी आणि अपवर्तनांक दोन्ही बदलतात. १९७८ मध्ये ओटावाच्या कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये केनेथ हिल आणि सहकाऱ्यांना तंतूच्या गाभ्यातच अपवर्तनांकाचे नियमित, सूक्ष्म चढउतार कोरता येतात असे आढळले. त्यांना आज फायबर ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात. अशी जाळी ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश मागे परतवते आणि तंतू तापला की ही तरंगलांबी सरकते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास एका अंश सेल्सिअसला साधारण १० पिकोमीटर, म्हणजे नॅनोमीटरचा शंभरावा भाग, एवढीच ही सरक असते, पण ती मोजता येते. पूल, धरणे, विमानांचे पंख यांत असे संवेदक बसवले जातात.

रसायनांच्या बाबतीत मात्र हा धागा काहीच सांगत नाही. पाण्यात कीटकनाशक आहे की नाही, रक्तद्रवात अमुक प्रथिन आहे की नाही, हवेत हायड्रोजन गळतो आहे की नाही, यातले काहीही गाभ्यातल्या प्रकाशापर्यंत पोचत नाही. ते पोचवायचे तर आवरणाची भिंत कुठेतरी उघडावी लागते. कुणी हायड्रोफ्लुओरिक आम्लाने आवरण खरवडतो, कुणी तंतू ज्योतीवर तापवून ओढून बारीक करतो, कुणी एक बाजू घासून सपाट करतो. जाड गाभ्याचे, प्लास्टिकचे आवरण असलेले तंतूही मिळतात. त्यांचे आवरण तर सहज सोलून निघते.

भिंत उघडल्यावर एक विलक्षण गोष्ट कामी येते. पूर्ण आंतरिक परावर्तनात प्रकाश सीमेवरून परत फिरतो हे खरे, पण फिरताना त्याचे विद्युतक्षेत्र सीमेपलीकडे थोडेसे डोकावून येते. हे क्षेत्र पलीकडे ऊर्जा वाहून नेत नाही आणि काहीशे नॅनोमीटरच्या आत विरून जाते. त्याला इव्हॅनेसंट क्षेत्र म्हणतात. तंतूचा रासायनिक संवेदक जे काही जाणतो ते एवढ्याच पट्ट्यात. पट्ट्यातला पदार्थ रंगीत असेल, तर तो थोडा प्रकाश शोषतो आणि टोकाला प्रकाश कमी मिळतो. पण बहुतेक प्रथिने आणि विषाणू दृश्य प्रकाशाला रंगहीनच असतात. ते पृष्ठभागाला चिकटले, तर तिथला अपवर्तनांक तेवढा हजारांश-दहाहजारांशाने बदलतो. उघड्या काचेला एवढा बदल जवळजवळ कळतच नाही. इथे धातूची गरज पडते.

धातू आणि प्रकाश यांच्या या नात्याचा पहिला खोल अभ्यास मायकेल फॅरडे यांनी केला. १८५७ च्या त्यांच्या निबंधात सोन्याच्या दोन रूपांवरचे प्रयोग आहेत. एक, इतका पातळ सोन्याचा पत्रा की त्यातून आरपार पाहिले तर उजेड हिरवट दिसतो. दुसरे, पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण, ज्यांनी पाणी माणकासारखे लाल होते. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेल्या आहेत. मला हा निबंध फार महत्त्वाचा वाटतो, कारण तंतूवर आज चढवल्या जाणाऱ्या धातूची हीच दोन रूपे आहेत: सलग पातळ थर आणि सुटे नॅनोकण.

आधी थराचे पाहू. धातूतले इलेक्ट्रॉन अणूंना बांधलेले नसतात, ते मोकळे फिरतात. धातू आणि बाहेरचे पाणी किंवा हवा यांच्या सीमेवर हे इलेक्ट्रॉन एकसाथ हेलकावू शकतात आणि त्यांची लाट पृष्ठभागावरून सरकते. या लाटेला पृष्ठीय प्लाझ्मॉन म्हणतात. अशा लाटा असाव्यात हे रुफस रिची यांनी १९५७ मध्ये गणिताने दाखवले. मोकळ्या हवेतून पडणारा प्रकाश मात्र गुळगुळीत धातूवर ही लाट उठवू शकत नाही, त्याचा वेग लाटेशी जुळत नाही. १९६८ मध्ये जर्मनीत आंद्रेआस ओट्टो यांनी आणि स्वतंत्रपणे एर्विन क्रेचमान व हाइन्झ रेटर यांनी वाट काढली. प्रकाश आधी काचेच्या लोलकातून न्यायचा. काचेत तो मंदावतो, आणि योग्य कोनात सोडला की धातूवरच्या लाटेशी त्याचा मेळ बसतो. त्या कोनात परावर्तित प्रकाश अचानक जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याची ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या लाटेने घेतलेली असते. धातूच्या बाहेरच्या बाजूला काहीही चिकटले की हा कोन सरकतो. १९८३ मध्ये स्वीडनमधल्या लिंशोपिंगच्या संशोधकांनी याच सरकण्यावरून वायू आणि प्रतिपिंडे ओळखून दाखवली. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत आज असलेली मोठी प्लाझ्मॉन यंत्रे तिथूनच आली.

लोलकाचे यंत्र अचूक असते, पण अवजड आणि महाग. तंतूचा गाभा तरी काचच आहे आणि आवरण काढले की त्याच्या पृष्ठभागावर प्रकाश हवा तसा तिरका आपटतोच आहे. मग लोलक हवाच कशाला? १९९३ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या राल्फ जॉर्गेन्सन आणि सिंक्लेअर यी यांनी हेच केले. गाभा उघडा करून त्यावर धातूचा थर दिला आणि आतून पांढरा प्रकाश सोडला. तंतूत कोन बदलता येत नाही, म्हणून त्यांनी रंग पाहिला. बाहेर आलेल्या वर्णपटात एका ठिकाणी खळगा दिसतो. त्या रंगाचा प्रकाश प्लाझ्मॉनने खाल्लेला असतो. बाहेरचा द्रव बदलला की खळगा दुसऱ्या रंगाकडे सरकतो. हलणारा एकही भाग नाही आणि टोक इतके लहान की सुईतून आत घालता यावे. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीत प्रा. बी. डी. गुप्ता यांच्या गटाने पुढे अनेक वर्षे याच पद्धतीवर काम केले.

या थराची जाडी किती असावी, यावर सगळे अवलंबून आहे. सोन्याचा थर साधारण ५० नॅनोमीटरचा लागतो. त्याहून बराच जाड झाला, तर गाभ्यातले क्षेत्र धातू ओलांडून पलीकडे पोचतच नाही आणि खळगा उथळ होतो. फार पातळ झाला, तर लाटेची ऊर्जा पुन्हा काचेत गळते आणि खळगा पसरट होतो. पसरट खळग्याचा तळ नेमका कुठे आहे हे सांगणे कठीण. पन्नास नॅनोमीटर म्हणजे सोन्याच्या अणूंचे सुमारे दोनशे थर. मिठाईवरचा चांदीचा वर्ख आपल्याला अतिपातळ वाटतो, पण तोही याच्या कित्येक पट जाड असतो. खर्चाची धास्ती वाटत असेल तर हिशेब करून पाहा. ४०० मायक्रोमीटर जाडीच्या गाभ्याच्या एक सेंटिमीटर लांबीला सर्व बाजूंनी एवढा मुलामा द्यायला फक्त १२ मायक्रोग्रॅम सोने लागते. एका ग्रॅममध्ये ऐंशी हजारांहून अधिक टोके होतील. खर्च सोन्याचा नसतो. तो सोने चढवणाऱ्या यंत्राचा आणि हाताच्या कसबाचा असतो.

आणि हे कसब सोपे नाही. सोने काचेला चिकटत नाही. नुसते चढवलेले सोने साध्या चिकटपट्टीने निघून येते, पाण्याच्या धारेतही सुटते. म्हणून आधी क्रोमियम किंवा टायटॅनियमचा दोन-तीन नॅनोमीटरचा थर देतात आणि त्यावर सोने. पण क्रोमियम प्लाझ्मॉनची लाट क्षीण करते, खळगा पसरवते. म्हणजे पकड वाढवली की धार कमी होते. दुसरा उपाय रसायनाचा आहे. ज्या रेणूचे एक टोक काचेशी बंध करते आणि दुसऱ्या टोकाला गंधक असते, असा सिलेनचा एक-रेणू थर काचेवर बसवायचा. गंधकाची आणि सोन्याची गाठ पक्की बसते. मात्र त्यासाठी काच अत्यंत स्वच्छ लागते, आणि ती स्वच्छ करायला गंधकाम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइडचे जे जळजळीत मिश्रण वापरतात, ते हाताळायला धोक्याचे असते.

दुसरी अडचण आकाराची. निर्वात पेटीत सोने तापवून त्याची वाफ सोडली, की ती सरळ रेषेत येऊन समोरच्या पृष्ठभागावर बसते. समोर सपाट काच असेल तर ठीक. समोर गोल धागा असेल, तर त्याच्या पुढच्या बाजूला पन्नास नॅनोमीटर, कडांना जेमतेम काही आणि पाठीला शून्य. म्हणून तंतू छोट्या मोटरवर फिरवत ठेवावा लागतो. तो समान गतीने फिरला नाही, तर एकाच टोकावर वेगवेगळ्या जाडीचे पट्टे होतात, प्रत्येक पट्टा आपला वेगळा खळगा देतो आणि सगळे मिसळून एक बोथट दरी उरते. सोने दहा नॅनोमीटरच्या आत ठेवले, तर सहसा सलग थर होतच नाही, सुटी बेटे तयार होतात. काही संशोधकांनी या दोषाचाच उपयोग करून घेतला. ही बेटे काहीशे अंशांवर तापवली की आक्रसून गोलसर कण होतात, आणि तिथून आपण धातूच्या दुसऱ्या रूपाकडे येतो.

सुट्या कणांमध्ये लाट कुठे सरकत जात नाही. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान असतो, त्यामुळे त्यातले इलेक्ट्रॉन जागच्या जागी एकसाथ मागेपुढे हेलकावतात. सोन्याच्या १५-२० नॅनोमीटरच्या कणांत हे हेलकावे ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाशी जुळतात. हिरवा शोषला जातो म्हणून द्रव लाल दिसतो. फॅरडेंच्या बाटलीतला रंग हाच. गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये त्याचे गणित मांडले. हे कण बनवण्याची सर्वांत परिचित कृती जॉन टर्केविच यांच्या १९५१ च्या कामातून आली: सोन्याच्या क्लोराइडचे विरळ द्रावण उकळायचे, त्यात सोडियम सायट्रेट घालायचे आणि रंग काही मिनिटांत लाल होताना पाहायचा. इथे निर्वात पेटी लागत नाही. तंतूवर अमिनो गट असलेला सिलेन बसवायचा आणि तंतू या लाल द्रवात बुडवून ठेवायचा. कण स्वतःहून येऊन बसतात, गोल धाग्याच्या सर्व बाजूंनी. तंतूच्या गोलाईने थर देणाऱ्याला जो त्रास दिला, तो इथे उरतच नाही.

मुंबईत पवईच्या आयआयटीत व्ही. व्ही. आर. साई, तपनेंदु कुंडू आणि सौम्यो मुखर्जी यांनी २००९ मध्ये याला एक साधी, हुशार जोड दिली. २०० मायक्रोमीटर गाभ्याचा तंतू त्यांनी ज्योतीवर इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवला आणि त्या वाकावर सोन्याचे कण बसवले. वाकावर प्रकाश बाहेरच्या भिंतीवर कमी तिरका आपटतो, त्यामुळे बाहेर डोकावणारे क्षेत्र जास्त खोल जाते आणि कणांशी त्याची भेट वाढते. शिवाय वाकलेले टोक सरळ लहानशा कुपीत बुडवता येते. महागडा वर्णपटमापक नसला तरी चालते. हिरवा एलईडी आणि एक फोटोडायोड यांच्यावरही बाहेर येणाऱ्या प्रकाशातली घट मोजता येते. या क्षेत्रातल्या कामांपैकी मला हे विशेष आवडते. टोक वाकवणे आणि कण बसवणे या दोन साध्या कृतींनी उपकरण प्रयोगशाळेबाहेर नेण्याजोगे झाले.

थर बरा की कण? शोधनिबंधांमध्ये याचे उत्तर बहुधा एका आकड्याने दिले जाते: अपवर्तनांक एक एककाने बदलला, तर खळगा किती नॅनोमीटर सरकतो. थराच्या संवेदकांसाठी हा आकडा हजारांत असतो, कणांसाठी बहुधा शंभरांत. यावरून थर दसपट चांगला असे ठरवणे चूक आहे. थरावरच्या लाटेचे क्षेत्र बाहेर साधारण दोनशे नॅनोमीटर पसरते, कणाचे क्षेत्र दहा-वीस नॅनोमीटरमध्येच संपते. प्रतिपिंडाचा रेणू सुमारे दहा नॅनोमीटरचा. कणाच्या सगळ्या क्षेत्रात तो एकटाच मावतो, तर थराच्या क्षेत्रात तो तळाशी थोडी जागा घेतो आणि वरची बाकी जागा नुसत्या पाण्याने भरलेली असते. द्रवाची सर्वसाधारण घनता मोजायची असेल तर थर घ्यावा. पृष्ठभागाला चिकटणारा नेमका रेणू ओळखायचा असेल, तर कण त्या आकड्याच्या मानाने कितीतरी चांगले ठरतात.

तापमानाचा प्रश्न आणखी जिकिरीचा आहे. पाण्याचा अपवर्तनांक एका अंशाला सुमारे दहाहजारांशाने बदलतो. संवेदक लाखांशाएवढा बदल टिपतो असा दावा असेल, तर नमुना एक दशांश अंशाने गार झाला तरी तेवढाच बदल दिसेल आणि रोगकारक प्रथिन सापडल्याचा भास होईल. यावरचा मला माहीत असलेला सर्वांत देखणा उपाय पुन्हा ओटावाचाच आहे. कार्लटन विद्यापीठात यानिना शेवचेंको आणि जाक आल्बेर यांनी २००७ मध्ये ब्रॅग जाळी गाभ्यात तिरकी कोरली आणि बाहेरून तंतूवर सोन्याचा मुलामा दिला. तिरकी जाळी गाभ्यातला प्रकाश आवरणात ढकलते, म्हणून आवरण सोलावेच लागत नाही आणि तंतू मजबूत राहतो. वर्णपटात एका रुंद दरीऐवजी अत्यंत बारीक खळग्यांची रांग मिळते. त्यातला एक खळगा गाभ्यातच राहणाऱ्या प्रकाशाचा असतो. त्याला बाहेरचे काही कळत नाही, फक्त तापमान कळते. त्याची सरक इतरांच्या सरकीतून वजा केली, की तापमानाचा दोष निघून जातो.

सोन्याचांदीपलीकडे पॅलेडियम आहे, आणि पुढच्या काळात त्याचे मोल वाढेल असे मला वाटते. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या काहीशे पट हायड्रोजन पोटात घेते, हे टॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्येच दाखवले. हायड्रोजन घेतला की त्याचा जालक फुगतो आणि प्रकाशाशी वागणूकही बदलते. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या मायकेल बटलर यांनी तंतूवर पॅलेडियम चढवून हायड्रोजन ओळखला. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो; तिथे विजेचा संवेदक बसवणे म्हणजे ठिणगीची भीती. काचेच्या तंतूत वीजच नसते. पण पॅलेडियम पुन्हा पुन्हा फुगून आक्रसले की थराला तडे जातात, आणि हायड्रोजन भरताना व सोडताना त्याचे वाचन एकसारखे येत नाही. सोने किंवा चांदी मिसळून मिश्रधातू केला तर हे दोष कमी होतात. २०१९ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी पॅलेडियम-सोन्याच्या नॅनोकणांवर बहुवारिकाचे पातळ आवरण देऊन हायड्रोजन एका सेकंदाच्या आत ओळखला. ते काम सपाट काचेवरचे होते, पण कणांना काच सपाट आहे की गोल याने फरक पडत नाही. भारताने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली आहे. उद्या टाक्या आणि नळ्या उभ्या राहतील, तेव्हा त्यांच्या सांध्यांशी असे तंतू असायला हवेत.

धातूचे एक काम अगदी वेगळे आहे, तेही सांगतो. अतिथंड अवस्थेत, द्रव हेलियमच्या आसपास, काचेचे आकुंचन जवळपास थांबते आणि साधी ब्रॅग जाळी तापमान सांगेनाशी होते. तिच्यावर शिसे, जस्त किंवा तांबे यांचा मुलामा दिला, तर आक्रसणारा धातू काचेला सोबत ओढतो आणि वाचन पुन्हा मिळू लागते. अतिवाहक चुंबकांच्या तापमानावर लक्ष ठेवायला याचा उपयोग होतो. इथे प्लाझ्मॉनचा संबंध नाही, थरही नॅनोमीटरांचा नसून मायक्रोमीटरांचा असतो. धातू केवळ आपल्या आकुंचनाच्या जोरावर काम करतो.

आता टिकाऊपणाकडे. चांदीचा खळगा सोन्यापेक्षा अरुंद आणि धारदार असतो, म्हणून कागदावर चांदी जिंकते. पण हवेतल्या गंधकाने ती काळवंडते, म्हणून तिच्यावर सोन्याचे किंवा ऑक्साइडचे पातळ कवच द्यावे लागते. सोने काळवंडत नाही, पण रक्तद्रवात बुडवले की नको असलेली शेकडो प्रथिने त्यावर बसतात. ती बसू नयेत म्हणून मोकळी जागा पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारख्या रेणूंनी आधीच भरून टाकावी लागते. नदीच्या पाण्यात शेवाळाचा पापुद्रा धरतो. माझे मत असे, की या क्षेत्रात संवेदनशीलतेचे आकडे पुरेसे झाले आहेत. आता कमतरता आहे ती तिसऱ्या आठवड्यातही तेच वाचन देणाऱ्या टोकाची आणि एकाच पद्धतीने बनवलेल्या शंभर टोकांनी सारखे उत्तर देण्याची. मुलामा धरून ठेवणारे रसायन, त्याची एकसारखी जाडी, त्यावरचे संरक्षक कवच या कामांना मोठी प्रसिद्धी मिळत नाही, पण संवेदक विकत घेण्याजोगा होतो तो त्यांच्यामुळेच.

हे काम मोठ्या संस्थांपुरते राहण्याचे कारण नाही. प्लास्टिक आवरणाचा तंतू, एलईडी, फोटोडायोड, थोडे सोन्याचे क्लोराइड आणि सायट्रेट एवढ्यावर महाविद्यालयाची रसायनशास्त्राची आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा मिळून सुरुवात करू शकते. विद्यार्थ्यांनी टोक तयार केले की ते शुद्ध पाण्यावर तपासून थांबू नये. गावच्या विहिरीचे, ओढ्याचे, नळाचे पाणी आणावे, टोक त्यात महिनाभर बुडवून ठेवावे आणि रोजचे वाचन वहीत तापमानासह लिहून ठेवावे.